वेल्डिंगची मान आणि बिजागरीची मान

ट्रक भरताना हातपाय गुंतलेले असतात, तोंड रिकामं असतं. म्हणून आमच्या टोळीत किस्से कापसासारखे साचतात. कितीही दाबा, वर येतातच. त्यातले मानेचे तेवढे सांगतो. बाकीचे चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत.

मी अमडापूरचा. कापूस भरणाऱ्या टोळीचा मुकादम. शाळा थोडी झाली, काम पुष्कळ झालं. खालची माणसं डोक्यावरून गाठोडी आणतात आणि वर फेकतात. ट्रकवर एक जण तो कापूस तुडवतो आणि फाळक्याच्या वर त्याची भिंत लावतो. भिंत वाकडी गेली तर चिखली यायच्या आधी कापूस रस्त्यावर सांडतो. म्हणून वरची जागा टोळीत सगळ्यात मोठी. ती माझी होती. पुढचं सगळं त्या जागेपायी झालं.

*

कापसाचं बीटी बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं कापूस मावेना. ट्रकमागे ट्रक लागायचे. त्याच दिवसांत माझा उजवा हात सुन्न पडायला लागला. चहाचा ग्लास सुटून पडला. मी म्हणालो, ग्लास तेलकट आहे. दुसऱ्या दिवशी दुसरा पडला.

भीमराव आमच्या टोळीतला सगळ्यात ताकदीचा आणि सगळ्यात आगाऊ गडी. तो म्हणाला, "मुकादम, बीटीचं पान खाल्लं की अळी सुस्त पडते म्हणे. तुमी भाजीत त नाई टाकलं?"

मी त्याला गाठोडं उचलायला लावलं. पण बोलणं पसरलं. बीटीचा कापूस तुडवून अंगात काहीतरी शिरतं, असं ठरलं. मग सगळी टोळी साबणानं हातपाय धुऊन घरी जायला लागली.

बायकांना बीटी फार आवडली.

*

हात काही सुधारेना. बरीच वर्षं तशीच ढकलली, मग औरंगाबादला मोठ्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. सोबतीला कादर आला. कादर माझ्या हाताखाली तयार झालेला, वयानं माझ्या मुलाएवढा. मी उतरलो की वरची जागा त्याची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला जास्त ठाऊक होतं.

डॉक्टरांनी विचारलं, हाताला मुंग्या येतात का, मान वर केली की कळ खाली जाते का, बटण लावायला त्रास होतो का. मी एकेकाला हो म्हणत गेलो. माझ्या मागून कादरही हो म्हणत गेला.

डॉक्टर म्हणाले, "पेशंट कोण आहे?"

"हेच हायत," कादर म्हणाला. "पण साहेब, हे समदं मलेबी होऊन राह्यलं."

दोघांचे एमआरआय झाले. दोघांच्याही मानेतल्या गाद्या सरकून नस दाबत होत्या. माझी तरुणपणी डोक्यावर वाहिलेली आणि कादरची रोजची ओझी मानेत बसली होती.

सोबतीला माणूस नेला आणि दुसरा पेशंट घेऊन आलो. कादरच्या घरी काय सांगावं, याचा विचार करत बसमध्ये बसलो. कादर झोपला होता.

*

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मणक्यांचा सांगाडा टेबलावर ठेवला आणि समजावून सांगितलं. दोघांचंही ऑपरेशन गळ्याच्या बाजूनं होणार. खराब गादी काढायची, नस मोकळी करायची. इथपर्यंत दोघांचं सारखं. फरक रिकाम्या जागेचा. कादरची एकच गादी गेली होती, मागचे सांधे चांगले होते. त्याला हलणारी नकली डिस्क बसवणार. माझ्या दोन गेल्या होत्या आणि सांधे झिजले होते. मला प्लेट आणि स्क्रू लावून मणके एकमेकांना जोडून टाकणार.

मी विचारलं, "त्याला हलती, मला जोडलेली. हे काऊन?"

डॉक्टर म्हणाले, "काका, झिजलेल्या सांध्यांत हलती डिस्क घालून उपयोग नाही. ते दुखतच राहतील. जोडलं की तिथलं दुखणं थांबेल. मान थोडी कमी वळेल आणि वरच्या-खालच्या गाद्यांवर भार वाढेल, तेवढं जपायचं. याच्या डिस्कलाही जपावं लागेलच. ती पण झिजू शकते, सैल होऊ शकते. दोन्ही चांगली आहेत. ज्याची त्याला."

"म्हंजे मुकादमाले वेल्डिंग अन् मले बिजागरी," कादर म्हणाला.

डॉक्टर हसले. मी हसलो नाही. मी विचारलं, "ट्रकवर उभं राहता येईल की नाही?"

"हाड जुळू द्या, मग सांगतो. डोक्यावर ओझं मात्र दोघांनीही कायमचं सोडायचं."

परत येताना कादर खिडकीतून डावीकडे पाहत होता, उजवीकडे पाहत होता. ऑपरेशन व्हायचं होतं, तरी त्याची प्रॅक्टिस सुरू झाली होती.

*

ऑपरेशननंतर माझा आवाज बसला. गळ्यातून गेल्यावर काहींना असं होतं, हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आलो. कुजबुजल्यासारखं बोलायचो. टोळी भेटायला आली. मी कामाचं सांगायला लागलो तर सगळे जवळ सरकले, कान लावून ऐकायला लागले. इतकी वर्षं ओरडून सांगितलं, तेव्हा कोणी असं ऐकलं नव्हतं.

भीमराव माझ्या बायकोला म्हणाला, "काकू, आवाज असाच राहू द्या म्हना डॉक्टरले."

ती म्हणाली, "मी कालच इचारलं. येतो म्हने परत."

*

गळ्याला कॉलर होती. मान वळवायची नाही. कोणी बाजूनं रामराम घातला की मी अख्खा फिरायचो, पायांसकट. गावात बोललं जायला लागलं, मुकादम आता फार अदबीनं वागतात.

गावात बबन म्हणून एक गृहस्थ आहे. बांधावरून त्याचं माझं बोलणं बंद होतं. एकदा तो माझ्या मागून खोकत चालला होता. कोण आहे म्हणून मी अख्खा फिरलो. त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी थांबलो. तो विरघळला. हात जोडून म्हणाला, "जाऊ द्या मुकादम, झालं गेलं." हाताला धरून चहाला घेऊन गेला.

मी चहा प्यालो. नाही म्हणायला आवाज नव्हता.

*

कादरचं मात्र झपाट्यानं सुधारलं. तो चहाच्या टपरीवर बसून मान फिरवून दाखवायचा. इकडून तिकडं, तिकडून इकडं. लोक विचारायचे, आत खरंच बिजागरी आहे का? तो म्हणायचा, "कान लावून पाहा." लोक खरंच लावायचे.

एका म्हातारीनं बराच वेळ कान लावला आणि म्हणाली, "तेल टाक बाप्पा थोडं."

*

माझं हाड जुळलं. हातातली पकड परत आली, ग्लास पडेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, शिडीनं चढा, शिडीनं उतरा, उडी मारू नका. वर उभं राहायला हरकत नाही. कादरलाही हेच सांगितलं.

आता अडचण झाली. ओझं दोघांनाही मना. दोघांनाही जमण्यासारखी जागा एकच, वरची. त्यात गुलाबी अळी बीटीलाही जुमानेनाशी झाली होती. कापूस घटला, ट्रक घटले. टोळी दोघांना वर पोसणार नव्हती.

कादर म्हणाला, "मुकादम, वरच्याले चौफेर दिसाले पायजे. तुमची मान पुरी वळत नाही. खाली बसून हिशेबानं हुकूम सोडा."

बोलला ते बरोबर होतं. म्हणूनच लागलं.

भीमरावानं तोड काढली. एकच ट्रक. डावी भिंत कादरची, उजवी माझी. निकाल ड्रायव्हर देईल. ड्रायव्हर खामगावकडचा, कोणाचाच नातेवाईक नाही.

ट्रक रस्त्याला लागून उभा होता. मी शिडीनं चढलो. मान फारशी वळत नव्हती, म्हणून पायापुढचा कापूस तेवढा दिसत होता. तुडवत राहिलो. पलीकडे कादर होता. रस्त्यानं एक नवी मोटरसायकल गेली, कादरनं पाहिली. नवरदेवाची गाडी गेली, पाहिली. कोणाच्या तरी दोन बकऱ्या भांडल्या, त्या शेवटपर्यंत पाहिल्या.

गाडी भरली. ड्रायव्हरनं एक चक्कर मारली. डाव्या बाजूला थांबला. भिंतीला म्हशीसारखं पोट आलं होतं.

"हे कोनं लावलं बे?"

"बिजागरीनं," भीमराव म्हणाला.

ड्रायव्हर उजवीकडे आला. वरून खालपर्यंत पाहिलं. "अन् हे?"

"वेल्डिंगनं."

"मंग उद्यापासून वर वेल्डिंगच पायजे. नाहीतर मी गाडी लावत नाही."

मी शिडीनं उतरलो. घरी येऊन जेवलो. त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या, असं घरचे म्हणतात.

*

पुढच्या तपासणीला आम्ही दोघं बरोबरच गेलो. डॉक्टरांनी आधी मला पाहिलं, ठीक म्हणाले. मग कादरला बसवलं. मान डावीकडे वळवायला लावली, उजवीकडे वळवायला लावली, वर, खाली. एक्स-रे उजेडात धरून पाहिला. म्हणाले, "एकदम छान. काही तक्रार?"

"हाय जी. हे काढून मलेबी मुकादमासारखं जोडून द्या."

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पाहिला. "का? दुखतंय?"

"दुखत नाही."

"आखडते?"

"नाही जी, मस्त फिरते," कादर म्हणाला. "म्हनूनच त म्हनतो."

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. मी समोर पाहत होतो.