आधी बाथरूम होऊ दे

ब्लँचर्डस्टाउनच्या त्या घरात जिन्याखाली एक एवढंसं टॉयलेट होतं. तिथे शॉवर बसवला, तर बाबांना जिनाही चढायला नको आणि वरच्या टबात पाय टाकायलाही नको, हे मेधाच्याच डोक्यातून निघालं. आई गेल्यापासून तिचे बाबा नागपूरला एकटे होते. गुडघे कुरकुरत, पण व्हिसा हातात होता. २०२०च्या ऑगस्टमध्ये विमानं थोडीफार सुरू झाली, तसं तिने नवऱ्याला विचारलं, बोलावू या का?

"आधी बाथरूम होऊ दे, मग तिकीट काढू," शैलेंद्र म्हणाला.

किती शहाणपणाचं वाक्य! त्यात 'नाही' कुठेच नव्हतं. याच शैलेंद्रचे आईवडील दोन वर्षांपूर्वी येऊन राहून गेले, तेव्हा टबाशी एक स्टूल ठेवून काम भागलं होतं.

प्लंबरने शॉवर बसवला, टाइल्सही लावून दिल्या. टाइल्समधल्या फटी भरायचं काम, म्हणजे ग्राउटिंग, तेवढं शैलेंद्रने अंगावर घेतलं. "त्यात काय आहे? व्हिडिओ बघितलेत मी. युअर मॅनला, त्या प्लंबरला, परत कशाला बोलवायचं?" घरात बसून बसून तेव्हा सगळेच सुतार, न्हावी आणि आचारी झाले होते. त्याने ग्राउटचा राखाडी लगदा भिंतींना आणि फरशीला एकदमच थापला आणि नेमका पुसायच्या वेळेला साहेब मीटिंगला जाऊन बसले. मीटिंग लांबली. परत येऊन बघतो तर टाइल्सवर लगदा खडखडीत वाळलेला. फटी कुठे भरलेल्या, कुठे पोकळ. नव्याकोऱ्या पांढऱ्या टाइल्स सारवल्यासारख्या दिसत होत्या.

"ग्रँड आहे गं, ठीकच आहे. वीकेंडला घासून टाकतो."

तो वीकेंड काही उजाडला नाही. दिवाळी झाली, नाताळ गेला, पुन्हा लॉकडाऊन लागला. बाबांचा व्हिडिओ कॉल आला की मेधा त्यांना बाथरूम दाखवायची. "अगं, एवढा खटाटोप कशाला? मी बादलीनं करून घेईन अंघोळ. मला काय पोहायचं आहे?" म्हणून ते हसायचे.

"आणि पडले-बिडले तर?" शैलेंद्र म्हणायचा. "होऊ दे ना नीट."

काळजीच्या आडून नकार द्यायची ही युक्ती तिला एव्हाना पुरती कळली होती. पण भांडून आणलेल्या बापाला या घरात मोकळेपणाने चहा तरी मागता आला असता का?

मार्चमध्ये तिने स्वतःच कंबर कसली. वाळलेले थर घासले, पोकळ फटी खरवडून काढल्या. नखं झिजली, कोपर सुजलं. मग हातभर जागेत ग्राउट भरायचं, लगेच ओल्या स्पंजने पुसायचं आणि पुढे सरकायचं. एप्रिलमधल्या एका शनिवारी फरशीचा शेवटचा कोपरा भरून झाला. पूर्ण वाळेपर्यंत पाणी लावू नका, असं डब्यावर लिहिलं होतं. तिने बाबांना फोटो पाठवला. त्यांना थोडा ताप होता, झोपले असतील म्हणून उत्तराची वाट बघत बसली.

तासाभरात चुलतभावाचा, रमेशचा, फोन आला. अचानक धाप लागली आणि हॉस्पिटलमध्ये जागा शोधतानाच बाबा गेले होते.

फोन ठेवून ती उठली. अशी बातमी कळली की आधी डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे तिला आईने शिकवलं होतं. शैलेंद्रने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती जिन्याखालच्या दाराकडे वळली, तसा तो चटकन म्हणाला, "वर कर ना अंघोळ. खालचं ओलं आहे अजून, सगळं वाहून जाईल."

मेधाने त्याच्याकडे बघितलं. मग आत जाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवर पूर्ण सोडला आणि खाली बसून मोठ्याने रडली. फरशीच्या फटींमधून राखाडी पाणी निघून जाळीकडे वाहत राहिलं.

बाहेर आली तेव्हा तो दाराशीच उभा होता.

"झालं बाथरूम," ती म्हणाली. "काढ आता तिकीट."