दुसरी पुरणपोळी

शेजारच्या वर्षाचं डोहाळजेवण होतं. फुलांचे दागिने घालून ती भरल्या ताटासमोर बसली होती. तिनं दुसऱ्या पुरणपोळीला हात लावला, तशी तिची सासू मायेनं म्हणाली, "पुरे गं. बाळ पोटात मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल."

"खाऊ द्या हो," मी म्हणाले, "बाळाचा मेंदू त्यातूनच घडतो."

"तुमच्या वेळी तुमची आईही बेतानंच जेवली असेल. काय बिघडलं तुमचं?"

सगळ्या हसल्या. रोज सकाळी विनाकारण मनावर दाटणारं मळभ मला आठवलं. आईच्या पोटात असताना जे माझ्या आत घडलंच नाही, ते कुणाला कसं दाखवायचं?

मग एकेक जण ओटी भरायला उठली. वर्षाच्या पदरात तांदूळ, नारळ मावेनात. ती मात्र उचलून बाजूला ठेवलेल्या ताटाकडे बघत होती.