फवारणीचे कपडे कोण धुते?

इंदूवैनींनी माझ्यावर शेवटपर्यंत पूर्ण विश्वास ठेवला नाही.

आज सकाळी मिठबावला, आपल्या घरी, त्या वारल्या.

नाव बदलले आहे. "मेल्यावरय माझा खरा नाव फेसबुकार घालू नको," अशी त्यांची तंबी होती.

स्तनाचा कर्करोग कशामुळे होतो, या संशोधनाची प्रश्नावली घेऊन मी दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी गेले. त्यांचे ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते.

संमतीपत्र पुढे केले, तर त्यांनी ते परत माझ्याकडेच सरकवले.
"आधी प्रश्न वाच. मगे सही."

मी वाचू लागले. पाळी कितव्या वर्षी आली? मुले किती? दूध किती महिने पाजले?

"गो बाय, सगळे प्रश्न माझ्याच अंगावरचे. माझीच चूक शोधतंस?"

मी उत्साहाने समजावले. चूक नव्हे, कारण शोधतो. आजारी बायकांना जे विचारतो, तेच निरोगी बायकांनाही विचारतो, आणि दोन्ही गटांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवतो. फरक दिसला, की तिथे अधिक खोलात जायचे.

"म्हणजे बरी माणसांय तुज्या तावडीतसून सुटनत नाय."

त्यांच्या यजमानांची आंब्याची बाग. म्हणून पुढचा प्रश्न मी सावकाश वाचला : तुम्ही स्वतः कीटकनाशकाची फवारणी करता का?

"नाय."

"बरोबर. इथल्या सगळ्याच बायका 'नाही' म्हणतात," मी म्हणाले.

वैनींनी माझ्या हातातला कागदच काढून घेतला.

"फवारणी बापये करतत. तेंचे कपडे कोण धुता? ह्यो प्रश्न खंय आसा? कागद कोणी केलो? औषध इकणाऱ्यांनी?"

त्यांच्या शेवटच्या शंकेला उत्तर 'नाही' असे होते. पण पहिली शंका मला आतपर्यंत लागली.

नीट पाहा. विषाने भिजलेले शर्ट वर्षानुवर्षे हाताने चोळणारी बाई आमच्या फॉर्मवर 'नाही'. आणि बागेत कधी पाऊलही न टाकलेली बाई तीसुद्धा 'नाही'. मग दोघींत फरक दिसणार कसा? फवारणी निर्दोष असेलही, पण आमच्या कागदावर ती तपासणीआधीच सुटत होती.

तरी मी प्रामाणिकपणे सांगितले, "वैनी, फवारणीमुळेच हा आजार होतो, असे सिद्ध झालेले नाही."

त्यांनी विहिरीकडे बोट दाखवले. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने जड काम करायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तेव्हापासून फवारणीचे कपडे तिथे त्यांची एकोणीस वर्षांची लेक धूत होती.

"सिद्ध होयसर माझ्या चेडवान धुवत रवाचा?"



मी म्हणाले, "नाही. पुरावा यायला वेळ लागतो, काळजी आजपासून घेता येते. ज्याने फवारले त्याने आपले कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, स्वतः धुवावेत."

पडवीतून यजमान कडाडले, "मी धुवू? गावात तोंड खंय दाखवू?"

"तोंड रोज धुतास मां? तसोच शर्टय धुवा!"

ते धुऊ लागले. वैनी पायरीवर बसून लक्ष ठेवत. विश्वास त्यांच्यावरही नव्हता.

सही मात्र मिळाली नाही. आधी प्रश्न घाला, मग सही.

नवा प्रश्न घालायला संशोधन समितीची मंजुरी, प्रश्नाची चाचणी, पुन्हा मंजुरी... जवळजवळ दोन वर्षे गेली. तोवर आजार हाडांत पोहोचला होता.

गेल्या महिन्यात नवा फॉर्म घेऊन गेले. लेकीने तो प्रश्न मोठ्याने वाचला. वैनींनी पुन्हा वाचायला लावला. मग सही केली.

आणि म्हणाल्या, "झेरॉक्स हयच ठेय. उद्या ह्यो प्रश्न काढून टाकशात."

आज अंगणात लेकीने मला गाठले. "डॉक्टर, उत्तर कधी कळतला?"

"काही वर्षे लागतील. कदाचित फरक नाही, असेही उत्तर येईल. तोवर गाठ जाणवली तर एक दिवसही थांबायचे नाही. तुझी तपासणी कधी सुरू करायची, ते पुढच्या आठवड्यात बसून ठरवू."

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे रोखून पाहिले.

"खरां सांगतास मां?"

वैनी, तुमचा संशय तुमच्या लेकीकडे सुखरूप आहे.

निर्धास्त जा.