पातेल्यात वाढवलेलं पाणी

माझ्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते, त्या दिवशी मी त्यांच्यासाठी शिजवलेलं मटण गल्लीत वाटून टाकलं. सगळं नाही हो, हाडं ठेवली होती! वर पातेल्यात तांब्या-तांब्यानं पाणी ओतलं आणि पदराला हात पुसत अशी उभी राहिले, की जणू जन्नतचं दार उघडायला कुणीतरी आतून निघालंच आहे.

वय एकोणीस, अक्कल त्याच्या निम्मी. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या सासरी येऊन मला वर्षही झालं नव्हतं. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दुपारी गल्लीतल्या आम्ही बायका एका म्हाताऱ्या आपांच्या घरी जमायचो. आपा फार गोड सांगायच्या. आपले नबी, म्हणजे पैगंबर, कसे बसायचे, पाणी कसं प्यायचे, घरात कसे हसायचे, फाटलेलं कापड स्वतः कसं शिवायचे. बाकीच्या बायका ऐकून डोळे पुसायच्या आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. मी मात्र घरी येऊन नबींची एकेक रीत, म्हणजे सुन्नत, पाळून घ्यायला फौजदार व्हायची.

नवरा उद्यमनगरात लेथवर कामाला. भोंग्याच्या आधी पोचायचं म्हणून तो पळत सुटायचा आणि मी दारातून ओरडायची, "अहो, डावी चप्पल आधी घातलीसा! उजवी आधी घालायची, सुन्नत हाय!" बिचारा अर्ध्या गल्लीतनं परत यायचा, दोन्ही चपला काढायचा, उजवी घालायचा, मग डावी. समोरच्या ओट्यावरची माणसं हसून बेजार. पाणी बसून प्यायचं, म्हणून सासऱ्यांनी उभ्यानं पिलं की मी खोकायची. त्यांना वाटायचं सुनेला पडसं झालंय. एकदा त्यांनी माझ्यासाठी काढाच करून आणला, आणि तो मला सुन्नतीप्रमाणं बसून, तीन श्वासांत प्यावा लागला.

तर ते पाहुणे. जयसिंगपूरचे. मुलगा शाळामास्तर. त्याला लहानपणापासून वाढवलं होतं त्याच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, आणि त्या घरात शब्द तिचाच चालायचा म्हणे. माझी नणंद मॅट्रिक झालेली. आधीच्या दोन स्थळांनी "शिक्षण बास झालं" म्हणून सांगितलं होतं. ह्या मास्तरानं मात्र निरोप धाडला होता की, मुलीला पुढं मास्तरणीचं शिकायचं असेल तर आपली ना नाही. आदल्या दिवशीपासून नणंदेचे पाय जमिनीवर नव्हते. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भाबी, हे जमलं ना, तर मी शाळेत शिकवायला लागते बघ. तेवढं उद्याच्या दिवस तू कुणाला काय शिकवू नको."

"मी कशाला काय करतीय?" मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

सकाळी अम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वतः तांबडा रस्सा केला. खोबरं-तीळ भाजून, मिरची वाटून. वरचा तवंग असा लालभडक की बघूनच नाकाला पाणी सुटावं. मग त्या जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज पढायला आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "पातेल्याकडं बघ." अम्मांची नमाज झाली की तसबीची माळ चालायची, आणि तसबी चालली की त्या लवकर काही उठायच्या नाहीत.

मी पातेल्याकडं बघितलं. आणि बघता बघता आपांचं गेल्या जुम्मेरातीचं बोलणं आठवलं. नबींनी सांगितलंय, रस्सा कराल तर थोडं पाणी वाढवा आणि शेजाऱ्याला द्या. अंगावर काटाच आला! सगळ्या गल्लीत वास सुटलेला, शेजारी वास घेतायत आणि आपण पाहुण्यांसाठी झाकून ठेवलंय! शिवाय शेजारी म्हणजे कोण, तर चाळीस घरांपर्यंत, हेही आपांनीच सांगितलेलं. मी वाट्या काढल्या. प्रत्येक वाटीत नुसता रस्सा कसा द्यायचा? लाज नको? म्हणून फोडी घातल्या. चांगल्या-चांगल्या घातल्या, कारण द्यायचं ते चांगलंच द्यावं. एक वाटी गेली की थोडं पाणी. अजून एक वाटी, अजून थोडं पाणी. पदराखाली वाटी झाकून मी या दारातनं त्या दारात अशी पळत होते की एक कुत्रं माझ्यामागं लागलं, तरी मी थांबले नाही. चाळीस घरं काही झाली नाहीत. पातेलं आधी संपलं.

परत आले तर पाहुणे बैठकीत. मुलाचे वडील, चुलते. फुफी मागनं येतायत म्हणाले, कुणाकडं तरी डोकावून. अम्मांनी झाकण काढलं. पळीनं तळ ढवळला. पुन्हा ढवळला. मग माझ्याकडं बघितलं.

"कुटं गेलं?"

"शेजाऱ्यांना दिलं," मी म्हणाले. आवाजात अजूनही आनंद होता, तोच सांगायला आज लाज वाटते. "अम्मा, सुन्नत हाय."

अम्मा खाली बसल्या. नणंद नवी साडी नेसून दाराशी उभी होती. तिनं पातेल्यात डोकावलं आणि तिचा चेहरा असा उतरला की मला पहिल्यांदा कळलं, मी काय केलंय ते. रडली नाही. नुसतं म्हणाली, "भाबी, आजच?"

वाढायला तर लागणारच होतं. दस्तरखान अंथरला, ताटं गेली. मी पडद्याआड. चुलत्यांनी वाटीत भाकरीचा तुकडा बुडवला, तो पोहायला लागला. त्यांनी बोटानं वाटीचा तळ चाचपला.

"पावणं," ते सासऱ्यांना म्हणाले, "कोल्हापुरात बकरी मरायची थांबल्यात काय?"

सासरे लालबुंद. "आतलं वाढा की!" ते पडद्याकडं बघून ओरडले.

आत काय होतं वाढायला? मग मीच तोंड उघडलं. "अब्बा, मटण शेजाऱ्यांना दिलं. पाणी वाढवून द्यावं अशी सुन्नत हाय."



"आन् पावण्याचा मान राखायची सुन्नत कुणी पाळायची?" चुलते म्हणाले. त्यांनी ताट पुढं सरकवलं. सरकवलेलं ताट पितळेचं होतं, त्याचा आवाज पडद्याआड आला. नणंदेनं माझा हात धरला होता की चिमटा काढत होती, कुणास ठाऊक. दोन्ही असेल.

एवढ्यात दारात मोठ्यानं सलाम झाला. फुफी! धिप्पाड बाई, बुरखा वर टाकलेला, कपाळावर घाम, आणि ओठांवर लाल तेल. हो, तेल! आमच्या रस्स्याचं. मी ओळखलं की.

झालं होतं ते असं. बाई मुलीची चौकशी करायला आधी शेजारच्या मराठा मावशींच्या घरात शिरली होती. पाणी प्यायच्या निमित्तानं. मावशींकडं माझी वाटी नुकतीच पोचलेली. मावशी म्हणाल्या, "बसा, दोन घास खावा. तुमच्यातलंच हाय, त्याच घरनं आलंय, बिनघोर खावा." आणि बाईंनी खाल्लं, भाकरीसकट.

फुफी येऊन बसली, सरकवलेलं ताट बघितलं, भावाचा चेहरा बघितला. "काय झालं?"

"मटण न्हाय ह्यांच्यात," चुलते म्हणाले. "पाणी हाय निस्तं."

"न्हाय कसं? मी खाऊन आले की!" फुफी इतकी हसली की बुरखा खांद्यावरनं घसरला. "पाणी लई हुतं, पर मसाला झकास!"

पडद्याआड अम्मांनी कपाळाला हात लावला. पण आता तो हात हसू लपवायला होता.

तेवढ्यात मावशी आल्याच. त्यांनी पाहुण्या बाईला आमच्या दारात सोडलं, बैठकीतलं कानावर आलं आणि उलट्या पावली घरात जाऊन टोपलीत भाकऱ्या, पिठलं, खर्डा आणि उरलेली मटणाची वाटी घेऊन आल्या. त्यांच्या मागनं अजून एक दार उघडलं, मग अजून एक. कुणी वांग्याचं भरीत आणलं, कुणी दही. कुणी माझीच वाटी जशीच्या तशी परत आणली. "आमच्यात आज उपास हाय गं, तुला सांगायच्या आत पळालीस!" चुलत्यांनी ताट परत ओढलं. खर्ड्यानं त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं, तरी ते खात होते आणि मधेच "अजून भाकरी हाय काय?" असं विचारत होते.

जेवणं झाल्यावर नणंद पानाचं तबक घेऊन गेली. मी पडद्याला डोळा लावून.

"मी शेजारात सगळं इचारून आलीया," फुफी तिला म्हणाली. "त्या बाई म्हणाल्या, पोरगी आमच्या पोरींचा अभ्यास घेती, पैसा घेत न्हाई. भाबी तेवढी जरा सुटलेली हाय." मी पडदा सोडला आणि पुन्हा धरला. "तुला पुढं शिकायचंय?"

आमच्यात अशा वेळी मुली मान खाली घालून गप्प बसायच्या. नणंदेनं मान वर केली. "व्हय. शिकायचंय आणि शिकवायचंय."

फुफीनं पान तोंडात टाकलं आणि उठली. माझा जीव टांगणीला! सासरे दारापर्यंत गेले, अम्मा गेल्या. गल्लीच्या तोंडाशी टांगा उभा होता. मी मागं मागं, कुणाला दिसू नये अशी, भिंतीला घासत. फुफी टांग्यात चढली, बूड टेकवलं, इकडंतिकडं बघितलं आणि नेमकं मलाच बोट केलं. मी पुढं गेले. तिनं माझा कान धरला, अगदी हळूच, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"मुलगी पसंत हाय आमाला. तिला शिकवायची जबाबदारी माझी. पर निकाहाच्या दिवशी ही पोरगी पातेल्याच्या आसपास दिसली, तर वऱ्हाड आल्या पावली माघारी न्हेईन, सांगून ठिवते!"