अध्यक्षांचा धावता मेंदू

आधी सरोजमॅडमचं नाव घेतो. त्यांनी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं, स्वतःचं आणि अध्यक्षसाहेबांचंही, तर मी आज देगलूरच्या पार पलीकडं, आमच्या गावात शेरडं राखत असतो.

लातूरच्या हॉस्पिटलातली आमची लॅब. मेंदूत बारीक वीज चालते, ती रेघा काढून दाखवतं ते ईईजी मशीन. रात्री मोटर चालू करायला उठणाऱ्या शेतकऱ्यांच्या झोपेचं काय होतं, हे मॅडम त्यावर बघतात. औशाकडच्या खेड्यांत जीपमधून असलं मशीन नेणाऱ्या त्या आमच्या भागातल्या पहिल्याच. लोक म्हणायचे, बाई डोक्यात करंट सोडते.

हॉस्पिटलच्या ट्रस्टचे अध्यक्ष लॅब बघायला आले आणि म्हणाले, "माझ्याच डोक्यावर दाखवा." माझ्या जागी त्यांना बी.एस्सी. झालेला भाचा बसवायचा होता. मी लॅबमधला तारा लावणारा, आठवीत शाळा सोडलेला. घाबरत घाबरत तारा चिकटवल्या.

स्क्रीनवर नुसता धुमाकूळ. सगळ्या रेघा काळ्या, गच्च.

"बघा, मेंदू कसा पळून राहिला!" अध्यक्ष खूश.

मी चाचरत म्हणालो, "साहेब, तारंचा फॉल्ट असंल."

"तारा कुणी लावल्या? मॅडम, ह्याला घरी पाठवा. उद्यापासून भाचा येईल."

मॅडमनी रेघा बघितल्या. मग अध्यक्षांकडं बघितलं.

"आ करा."

"क्काय?"

"तोंड उघडा, साहेब. लहान लेकरू न्हाई तुम्ही."

गालात सुपारी! हॉस्पिटलात बंदी, म्हणून गुपचूप चावणं चालू. जबड्याची वीज मेंदूच्या विजेपेक्षा लई दांडगी. ती आली की मेंदू दिसतच नाही. ह्याला आर्टिफॅक्ट म्हणतात, म्हणजे मधेच घुसलेला आगंतुक.

मॅडमनी स्टीलचा ट्रे पुढं केला. अध्यक्ष थुंकले. रेघा शांत झाल्या.

"आता एवढा हळू का चालून राहिला?"

"एवढाच चालतो तुमचा. नॉर्मल हाय. आणि नरसिंगनं तारा बरोबर लावल्यात. तो गेला तर मीबी चालले."

मी राहिलो. अध्यक्षांनी प्रिंट मागितली, पण पहिलीच, गच्च रेघांची. फ्रेम करून केबिनमध्ये लावली आहे. तेव्हापासून तारा लावायच्या आधी मी प्रत्येकाला आ करायला लावतो. मोठ्या माणसाला दोनदा.

मॅडम जगाची झोप तपासतात आणि स्वतः खुर्चीत डुलक्या काढतात. कधीतरी त्यांना आमच्या गावी नेईन. अंगणात बाज टाकून देईन, आणि त्या आपणहून उठेपर्यंत कुणाला हाक मारू देणार नाही.