मागच्या सीटवर बसून

शेलूबाजारला हायवेच्या कडेला त्याचं टायरचं दुकान आहे. इतकी वर्षं जातोय, पण नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही माझं विचारलं नाही. गाडी थांबली की त्याचा नमस्कार ठरलेला, "थरथर कोठी हाय, स्टेरिंगमंधी का सीटमंधी?"

मागच्या महिन्यात गाडीत मी एकटाच होतो. म्हणालो, "सीटमध्ये. बाबा म्हणतात." मणक्याच्या ऑपरेशननंतर बाबांना मागे बसवून दर आठवड्याला अकोल्याला न्यावं लागतं.

"मंग मागचे चाकं हायेत." दोन्ही चाकं काढून त्यानं आधी रिमच्या आतली वावरातली वाळलेली माती खरवडली. "मातीसगट वजन लावलं अन् माती गळाली, का चाक पुन्हा उड्या मारते." मग चाक मशीनवर फिरवलं आणि हलक्या बाजूला शिशाचा नखाएवढा तुकडा ठोकला.

"एवढ्यानं काय होतं?"

"उभ्या गाडीत काईच नाई. ऐंशीच्या स्पीडले हातोडा होते."

मग म्हणाला, "चालवा तुमी." स्वतः मागे बाबांच्या जागी बसला, त्यांची उशी पाठीशी घेऊन, डोळे मिटून. मालेगावच्या रस्त्यानं थोडं पुढं जाऊन आम्ही परत आलो. उतरताना उशी होती तशी नीट ठेवली.

"चाकं आता बराबर हायेत. पन गड्ड्यावर तुमी ब्रेक दाबत नाई. बाबा तुमाले कसे बोलतीन? म्हनून थरथरीचं नाव सांगतात."

आता अकोल्याच्या वाटेवर बाबांना झोप लागते.