पाण्यात मारायचं रॉकेट

माझे वडील नौदलात होते, तरी गावात त्यांना सगळे फौजीच म्हणत. समुद्र आमच्या गावापासून इतका लांब, की जहाजावरचा माणूस आणि सीमेवरचा माणूस यांत कुणाला फरक वाटत नसे. वडील कुणाला दुरुस्त करत नसत. मीही करत नसे. माझं शिक्षण विशाखापट्टणमला इंग्रजी शाळेत झालेलं. इथे मी तोंड उघडलं की पोरी हसायच्या, त्यामुळे मी गप्प बसून बघत राहायचे.

वडिलांचं काम पाणबुडीवर मारायच्या रॉकेटांचं. पूर्वी पाणबुडीचा माग लागला की जहाज थेट तिच्या डोक्यावर नेत आणि मागच्या बाजूने स्फोटकांची पिंपं पाण्यात ढकलत. पण जहाज अगदी वर पोचलं की तिचा आवाज टिपणाऱ्या यंत्राला ती सापडेनाशी व्हायची आणि तेवढ्यात निसटायची. म्हणून जहाजाच्या पुढे, लांबवर जाऊन पडतील अशी रॉकेटं तयार झाली. ती हवेत चढतात, वळून समुद्रात शिरतात आणि ठरवलेल्या खोलीवर फुटतात. ही खोली सांभाळणाऱ्या फ्यूजच्या चाचण्या घेणाऱ्या तुकडीत वडील होते. फ्यूजमध्ये काही बदललं की पुन्हा समुद्रात जायचं, पुन्हा मारायचं. प्रत्येक चाचणीनंतर पोट वर करून मासे तरंगत. एकदा वडिलांच्या कपड्यांना असा वास होता की मला ओकारी झाली. त्यांनी मासे खाणं सोडलं. शाळेत आम्हाला या कामाचा अभिमान बाळगायला सांगत. मला ते मासेच दिसायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हट्टाने गावात दोन खोल्या बांधल्या. दुष्काळ पडला होता. गावच्या दूध संस्थेने चारा छावणी उघडली होती आणि तिच्या व्यवस्थापकाची जागा वडिलांना द्यायचं चेअरमननी कबूल केलं होतं. ती मिळाली तर आम्ही गावात राहणार, नाहीतर वडिलांना पुन्हा शहर गाठून कुठल्यातरी फाटकावर राखणदार म्हणून उभं राहावं लागणार. एवढं सगळ्या घराला माहीत होतं.

संस्थेची वार्षिक सभा छावणीतच, मांडवाखाली भरली. शेणामुताचा वास, माश्या, आणि पुढच्या रांगेत पांढरे कपडे. आमच्याकडे सभेची एक रीत आहे. ठराव वाचून पूर्ण व्हायच्या आत सगळे ‘मंजूर’ म्हणून मोकळे होतात. कुणी ऐकत नाही. त्या दिवशी चेअरमननी शेवटचा ठराव मांडला, की आपल्या गावच्या फौजींना रॉकेटातला सगळा अनुभव आहे, तर त्यांच्या हस्ते ढगांवर रॉकेटं सोडून पाऊस पाडावा. मंजूर, मंजूर. संस्थेची निवडणूक जवळ आली होती, हे तिथल्या म्हशींनाही कळत असावं.

वडील उठले. त्यांचा आवाज फार मोठा नाही.

“मी ज्याच्यावर काम केलं ते रॉकेट पाण्यात बुडून फुटतं,” ते म्हणाले. “त्यानं ढगाला काही होत नाही. मला यात धरू नका.”

सवयीने सगळा मांडव ओरडला, “मंजूर!” आणि लोक चहाकडे वळले. बायकांच्या बाजूला बसलेल्या मला हसणारी तोंडं, पानाने लाल झालेले दात दिसत होते. वडील अजून उभेच होते.

दुसऱ्या दिवशी चेअरमन घरी आले. आमच्या बौद्धवाड्यात ते पहिल्यांदाच येत होते. अंगणात खुर्चीवर बसले, चहाला हात लावला नाही. त्यावर साय धरली. म्हणाले, रॉकेटं लग्नात दारूकाम करणारा माणूस आणणार आहे, ढगातून पाणी सुटावं म्हणून आत मीठ भरणार आहे.

“तुमाला कोण सोडाय सांगतंय फौजीसाहेब? तुमी फकस्त पांढऱ्या ड्रेसात हुबं ऱ्हायचं. लोकांला दिसाय पायजे.”

वडिलांनी विचारलं, पाऊस पडला नाही तर?

“तर ढग हलका हुता म्हणायचं,” ते म्हणाले आणि जाता जाता व्यवस्थापकाच्या जागेची आठवण करून दिली.

आईने सुटका व्हावी म्हणून त्यांना सांगितलं की ड्रेस पेटीत पिवळा पडलाय, धुवायला पाणी कुठंय. संध्याकाळी अख्खा टँकर आमच्या दारात उभा. एरवी तो वाड्यात सगळ्यात शेवटी यायचा, अर्धा रिकामा होऊन. बायका हंडे घेऊन लांबच थांबल्या, कारण ड्रायव्हरने सांगितलं होतं की हे पाणी फौजींच्या ड्रेससाठी आहे. एक कपडा धुण्यासाठी टँकर, आणि चाळीसेक घरांच्या घशाला कोरड.

वडील बाहेर आले, नळी स्वतः हातात घेतली आणि म्हणाले, “ड्रेसला पाणी नको. प्यायला पाहिजे त्यांनी भरा.” सगळ्यांनी भरलं. त्याच ड्रायव्हरबरोबर त्यांनी निरोप दिला की मी येणार नाही.

कार्यक्रम झालाच. मी आमच्या पत्र्यावरून पाहिलं. टेकडीवर हलगी वाजत होती. रॉकेटं फुर्रकन गेली, निळ्या कोरड्या आभाळात फुटली. छावणीतले बैल बिथरले, दावी तोडून पळाले, आणि लोक टाळ्या वाजवत राहिले. आदल्या दिवशी आमच्या दारात पाणी भरलेल्या बायकाही तिथेच होत्या.

पाऊस आला नाही. ढग हलका होता असं कुणाला म्हणावंच लागलं नाही. शेजारची मावशी आईला सरळ म्हणाली, “दाजींनी बटन दाबलं असतं तर पडला असता बाई. कशापायी अडून बसले?” दुकानात, पारावर, तेच. छावणीत चेअरमनचा पुतण्या व्यवस्थापक म्हणून बसला. वडिलांनी पुण्याला एका सोसायटीच्या फाटकावरचं काम पत्करलं.

सामान बांधत होतो तेव्हा मावशी आली. वडिलांना जेवण नीट करा म्हणाली, मला जवळ घेतलं, थोडी रडलीसुद्धा. मग डोळे पुसत न्हाणीजवळच्या ड्रमकडे बोट केलं.

“जाताच हाय तर तेवढा आमाला ठेवा. तुमाला तिकडं नळ असंल.”

आईने आतलं पाणी ओतून ड्रम रिकामा करून दिला.